मिठाचे पाणी उदासीन, तुरटीचे आम्लधर्मी : असे का?



२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त आपल्या शाळेत मुलांनी जे प्रदर्शन मांडले होते, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असेल. त्यात इयत्ता नववीच्या मुलींच्या टेबलावर सात वाट्या होत्या. जांभळा कोबी चिरून, उकळून, गाळून घेतलेले पाणी प्रत्येक वाटीत थोडे थोडे घातले होते. पहिल्या पाच वाट्यांत ऊर्ध्वपातित पाणी होते आणि त्यात अनुक्रमे साधे मीठ, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, तुरटी (म्हणजे इथल्या बाजारातली फटकडी) आणि कल्हईवाले वापरतात तो नवसागर विरघळवला होता. सहाव्या वाटीत शाळेच्या बोअरचे पाणी आणि सातव्या वाटीत एका मुलीच्या घरचे आरओ यंत्राचे पाणी होते.

मिठाच्या वाटीतला रंग होता तसाच जांभळा राहिला. खाण्याच्या सोड्याची वाटी निळी झाली, धुण्याच्या सोड्याची हिरवी. तुरटीची वाटी छान गुलाबी झाली. नवसागराचा जांभळा रंग किंचित लालसर झाला. बोअरचे पाणी निळसर दिसले, आणि आरओचे पाणी मात्र जांभळेच, उलट जरासे लालीकडे झुकलेले.

टेबलापाशी एक आजी बराच वेळ उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो बाई, हे सगळे क्षारच ना? मग प्रत्येकाचा रंग निराळा कसा?" त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका पालकांना वेगळीच काळजी पडली. घरी हजारो रुपये खर्चून यंत्र बसवले, आणि त्याचेच पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा आम्लधर्मी कसे निघाले? यंत्र बिघडले की काय? हा प्रश्न पुढे विश्वस्तांपर्यंत गेला, कारण शाळेत असेच मोठे यंत्र बसवण्याचा विचार त्यांच्यासमोर होता.

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ते सविस्तर द्यावे म्हणून हा लेख. त्याआधी एक कबुली देणे आवश्यक आहे. सहामाही परीक्षेत आम्ही विचारले होते, "क्षाराचे जलीय द्रावण कोणत्या स्वरूपाचे असते?" अपेक्षित उत्तर होते "उदासीन". एका विद्यार्थिनीने लिहिले, "क्षारावर अवलंबून आहे, तुरटीचे आम्लधर्मी असते." आम्ही तिचा गुण कापला. चूक आमची होती. तिचा गुण तिला परत दिला आहे, आणि वर्गासमोर तसे सांगितलेही आहे. वाट्यांचे टेबल मांडणाऱ्या मुलींत ती पुढे होती, हे सांगायला आम्हांला आनंद वाटतो.

आधी शब्दांचा घोटाळा

आपल्या मुलांच्या कानावर घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि दूरदर्शनवर हिंदी पडते. त्यामुळे या विषयात शब्दच आधी पायात येतात. मराठी पाठ्यपुस्तकात 'क्षार' म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगाने बनलेला पदार्थ. मीठ, तुरटी, सोडा हे सगळे क्षार. हिंदी पुस्तकात मात्र त्याला 'लवण' म्हणतात आणि 'क्षार' हा शब्द अल्कलीसाठी येतो. आयुर्वेदातही क्षार म्हटले की राखेतून काढलेला झणझणीत अल्कधर्मी पदार्थ. शिवाय घरी आपण "पाण्याला क्षार फार आहेत" म्हणतो, तेव्हा बादलीला आणि गिझरला बसणारा पांढरा थर आपल्या डोळ्यांसमोर असतो. या लेखात क्षार हा शब्द पाठ्यपुस्तकातल्या अर्थानेच वापरला आहे.

दुसरा शब्द 'सामू', म्हणजेच पीएच. पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे हे सांगणारा हा आकडा आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली ही मोजपट्टी मांडली. सामू ७ म्हणजे उदासीन, ७ पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी, ७ पेक्षा जास्त म्हणजे अल्कधर्मी. ही पट्टी फुटपट्टीसारखी नाही. तिच्यावर एक घर खाली आले की आम्लता दहापट होते. सामू ५ चे पाणी सामू ७ च्या पाण्यापेक्षा दुप्पट नव्हे, शंभरपट आम्लधर्मी असते.

पाणी स्वतः काय करते?

शुद्ध पाण्याचे रेणू अगदी थोड्या प्रमाणात फुटतात. एका रेणूतून हायड्रोजनचा आयन सुटतो आणि हायड्रॉक्साइडचा आयन मागे राहतो. हे प्रमाण किती थोडे? २५ अंश सेल्सिअसला सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक. सुटलेला हायड्रोजन आयन मोकळा फिरत नाही, शेजारच्या पाण्याच्या रेणूला चिकटतो. पण सोयीसाठी आपण त्याला हायड्रोजन आयनच म्हणू. पाण्यात हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन सारखे असले की पाणी उदासीन. हायड्रोजन आयन वरचढ झाले की आम्लधर्मी, हायड्रॉक्साइड वरचढ झाले की अल्कधर्मी.

आता पाण्यात क्षार टाकला की काय होते, या प्रश्नाचा खरा अर्थ असा : त्या क्षाराचे आयन या तराजूच्या कुठल्या पारड्यात हात घालतात का?

सढळ हाताचे आणि हात आखडणारे

आम्लाचे काम हायड्रोजन आयन देणे. पण देण्याची तऱ्हा सगळ्यांची सारखी नसते. काही आम्ले सढळ हाताची असतात. मिठाचे आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, पाण्यात पडले की आपले सगळे हायड्रोजन आयन देऊन टाकते आणि परत मागत नाही. ही तीव्र आम्ले. काही आम्लांचा हात आखडता. कार्बोनिक आम्ल (सोडा वॉटरमधले) किंवा ॲसेटिक आम्ल (व्हिनेगरमधले) थोडेसे हायड्रोजन आयन देतात आणि संधी मिळताच परत घेतात. ही सौम्य आम्ले. आम्लारींचेही असेच. कॉस्टिक सोडा तीव्र, अमोनिया सौम्य.

क्षार हे या दोघांचे अपत्य. त्याच्यात एक आयन आम्लाकडून आलेला असतो आणि एक आम्लारीकडून. पाण्यात पडल्यावर दोघे वेगळे होतात, आणि प्रत्येक जण आपल्या घरची सवय दाखवतो. आता वाट्या एकेक करून पाहू.

मीठ. सोडियम कॉस्टिक सोड्याच्या घरचा, क्लोराइड हायड्रोक्लोरिक आम्लाच्या घरचा. दोन्ही घरे तीव्र. क्लोराइडला हायड्रोजन आयन परत घेण्यात रस नाही, सोडियमला हायड्रॉक्साइड धरून ठेवण्यात रस नाही. दोघेही पाण्यात नुसते फिरत राहतात. तराजू हलत नाही. म्हणून कितीही खारट केले तरी मिठाचे पाणी जवळपास उदासीनच राहते. खारटपणा आणि अल्कधर्मीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे पक्के लक्षात ठेवावे.

धुण्याचा सोडा. हा सोडियम कार्बोनेट. सोडियम स्वस्थ बसतो, पण कार्बोनेट कार्बोनिक आम्लाच्या घरचा, म्हणजे हात आखडणाऱ्यांपैकी. तो पाण्याच्या रेणूकडूनच हायड्रोजन आयन ओढून घेतो. मागे हायड्रॉक्साइड उरतो. हायड्रॉक्साइडचे पारडे जड झाले की पाणी अल्कधर्मी. एक लिटर पाण्यात सुमारे दहा ग्रॅम निर्जल सोडा विरघळवला तर सामू साडेअकराच्या आसपास जातो. कपड्यांवरचे तेल निघते ते यामुळेच, आणि हाताची कातडी बुळबुळीत होऊन तडकते तीही यामुळेच.

खाण्याचा सोडा. हा सोडियम बायकार्बोनेट. याचा आयन अर्ध्या वाटेवर आहे. त्याच्याकडे देण्यासारखा एक हायड्रोजन शिल्लक असतो आणि तो आणखी एक घेऊही शकतो. घेण्याची ओढ जरा जास्त, म्हणून पाणी किंचित अल्कधर्मी होते. सामू सुमारे ८.३. ही दुहेरी वागणूक लक्षात ठेवा, पुढे बोअरच्या पाण्यात ती फार कामाला येणार आहे.

नवसागर. हा अमोनियम क्लोराइड. इथे उलटा प्रकार. क्लोराइड स्वस्थ बसतो, पण अमोनियम हा सौम्य आम्लारीच्या, अमोनियाच्या घरचा. तो आपल्याजवळचा जादा हायड्रोजन आयन थोड्या प्रमाणात पाण्याला देतो. पाणी किंचित आम्लधर्मी होते. सामू ५ च्या जवळपास. कल्हईवाला तापलेल्या पितळेच्या भांड्यात नवसागराची पूड टाकतो तेव्हा उष्णतेने तो फुटतो, त्यातले आम्ल धातूवरचा काळा थर खाऊन टाकते आणि कथील नीट बसते. पांढऱ्या धुराचे ढग ज्यांनी लहानपणी दारात पाहिले आहेत, त्यांना आता त्यामागचे रसायन कळेल.

तुरटी. आमच्या परीक्षेत आम्हांलाच नापास करणारी. तुरटीत ॲल्युमिनियमचे आयन असतात. हा आयन आकाराने लहान आणि त्याच्यावर तीन धन प्रभार. तो पाण्याच्या सहा रेणूंना आपल्याभोवती घट्ट ओढून घेतो, इतका घट्ट की त्या रेणूंमधले हायड्रोजन सैल पडतात आणि सुटून पाण्यात येतात. म्हणजे तुरटीत स्वतःचा देण्यासारखा हायड्रोजन नसताना ती पाण्याचाच हायड्रोजन बाहेर काढते. दाट द्रावणाचा सामू ३ ते ४ पर्यंत उतरतो. तुरटी जिभेला तुरट-आंबट लागते त्यात याचाही वाटा आहे.

क्षाराच्या आयनांनी पाण्याशी केलेल्या या व्यवहाराला रसायनशास्त्रात 'जलअपघटन' म्हणतात. परीक्षेसाठी सूत्र सोपे आहे : ज्याचे घर तीव्र, त्याची सत्ता. तीव्र आम्ल व सौम्य आम्लारी यांचा क्षार आम्लधर्मी, सौम्य आम्ल व तीव्र आम्लारी यांचा अल्कधर्मी, दोन्ही तीव्र असतील तर उदासीन. दोन्ही सौम्य असतील तर ज्याची ओढ जास्त त्याच्याकडे पारडे झुकते.

स्वयंपाकघरातले पुरावे

प्रयोगशाळेची गरज नाही, घरात डोळे उघडे ठेवले की पुरे. बडोद्यात राहून खमण ज्याच्या घरी झाले नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण! कधी कधी पिवळ्या खमणावर लाल ठिपके उमटतात. आई म्हणते, "सोडा नीट मिसळला नाही." अगदी बरोबर. हळद ही निसर्गाने दिलेली दर्शक आहे. आम्लात आणि उदासीन पाण्यात ती पिवळी राहते, अल्कधर्मी पदार्थ लागला की लाल होते. जिथे सोड्याची गुठळी राहिली तिथे लाल ठिपका. पिठात लिंबाचे फूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, पुरेसे असेल आणि सोडा सारखा पसरला असेल तर दोघे एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात, खमण फुगते आणि रंग पिवळाच राहतो. शर्टावर आमटीचा डाग पडला आणि साबण लावताच तो लाल झाला, तेव्हाही हेच घडते. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हे तर आपल्या आज्यांना पाठ होते.

पापडात घालायचा पापडखार, म्हणजे इथला 'खारो', हाही कार्बोनेटच्या कुळातला अल्कधर्मी क्षार. जड पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, म्हणून चिमूटभर सोडा टाकतात. सोडा पाण्यातले कॅल्शियम बाजूला काढतो आणि अल्कधर्मी पाण्यात डाळीच्या पेशींना जोडणारे पेक्टिन लवकर सुटते. पण अल्कधर्मी पाण्यात शिजवताना थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. तेव्हा सोडा चिमटीनेच घालावा, चमच्याने नव्हे.

आपल्या जुन्या राज्याचा एक धागा

या विषयाशी आपल्या बडोद्याचा जुना संबंध आहे. सयाजीराव महाराजांच्या पाठिंब्याने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली इथे कलाभवन सुरू केले. तिथे शिकवल्या जाणाऱ्या विषयांत कापड रंगवण्याचे शास्त्र महत्त्वाचे होते. रंगाऱ्याच्या कामात तुरटीला मोठा मान. सुती कापडावर पुष्कळ नैसर्गिक रंग आपोआप टिकत नाहीत. तुरटीतले ॲल्युमिनियम धागा आणि रंग यांना जोडणारा दुवा होते. तुरटीचे पाणी किती आम्लधर्मी ठेवायचे आणि त्यात सोडा किती घालायचा, यावर रंगाची छटा ठरते. म्हणजे क्षार आणि सामू यांचे हे गणित रंगाऱ्याच्या रोजच्या कामातले होते.

दुसरा धागा समुद्रकाठी आहे. द्वारकेजवळचे ओखामंडळ पूर्वी बडोदा संस्थानात होते. तिथल्या मिठापूरला समुद्राच्या पाण्यापासून मीठ आणि मिठापासून सोडा तयार करण्याचा उद्योग उभा राहिला. टाटा केमिकल्स ही कंपनी १९३९ सालची. गंमत पाहा : मीठ उदासीन, पण त्याच मिठाच्या पाण्यात अमोनिया आणि चुनखडीपासून काढलेला कार्बन डायऑक्साइड वायू सोडला की खाण्याचा सोडा खाली बसतो, आणि तो भाजला की धुण्याचा सोडा मिळतो. सोडियम तोच. जोडीदार बदलला, क्लोराइडच्या जागी कार्बोनेट आला, आणि पाण्याचा स्वभाव बदलला.

बोअरचे पाणी निळसर का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पावसाचे स्वच्छ पाणीसुद्धा उदासीन नसते. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, कार्बोनिक आम्ल बनते आणि सामू सुमारे ५.६ होतो. हे किंचित आम्लधर्मी पाणी जमिनीत मुरते, मातीतला आणखी कार्बन डायऑक्साइड घेते आणि खडकातली चुनखडी व इतर खनिजे हळूहळू विरघळवते. या व्यवहारात आम्ल खर्ची पडते आणि त्याच्या जागी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट यांचे आयन येतात. म्हणून बोअरचे पाणी जड असते आणि बहुधा किंचित अल्कधर्मीही. वाटीत निळसर छटा आली ती या बायकार्बोनेटमुळे.

बायकार्बोनेट दोन्हीकडे वागू शकतो हे वर सांगितले. पाण्यात थोडे आम्ल पडले तर तो ते शोषून घेतो, थोडी आम्लारी पडली तर तिलाही आवरतो. यामुळे सामू सहजासहजी हलत नाही. या गुणाला 'प्रतिरोध' म्हणता येईल, आणि पाण्याची आम्ल पचवण्याची जी ताकद, तिला 'अल्कता' म्हणतात. सामू आणि अल्कता यांत गल्लत करू नये. सामू म्हणजे आज खिशात किती सुटे पैसे आहेत ते. अल्कता म्हणजे बँकेतली शिल्लक.

ही शिल्लक किती मोलाची असते ते तुरटीवरून कळते. पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो. दाट द्रावणात सामू ३ वर नेणारी ही तुरटी माठातल्या पाण्याला आंबट का करत नाही? कारण तिने सोडलेले हायड्रोजन आयन पाण्यातले बायकार्बोनेट पचवते. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके तयार होतात आणि ते मातीचे कण घेऊन तळाशी बसतात. जलशुद्धीकरण केंद्रात वापरतात त्या तुरटीचा १ मिलिग्रॅम सुमारे अर्धा मिलिग्रॅम अल्कता (चुनखडीच्या हिशोबाने) खर्च करतो. पाण्यात अल्कताच कमी असेल तर सामू घसरतो, पुंजके नीट बनत नाहीत आणि ॲल्युमिनियम पाण्यातच राहते. अशा वेळी तिथे चुना घालावा लागतो. म्हणून घरीही "जास्त तुरटी म्हणजे जास्त स्वच्छ" असे समजू नये. शिवाय तुरटीने गाळ बसतो, सगळे जंतू मरत नाहीत. पाणी उकळणे किंवा क्लोरीन वापरणे हे वेगळे काम आहे.

मग आरओचे पाणी आम्लधर्मी का?

त्या पालकांचे यंत्र बिघडलेले नव्हते. आरओच्या पडद्यातून पाणी जाते, विरघळलेल्या क्षारांचे आयन बहुतांशी अडतात. कॅल्शियम अडतो, सोडियम अडतो, बायकार्बोनेटही अडतो. पण कार्बन डायऑक्साइड हा प्रभार नसलेला लहान रेणू. तो पडद्यातून पलीकडे जातो. परिणाम असा की आम्ल बनवणारा वायू पाण्यात राहिला आणि त्याला आवरणारा बायकार्बोनेट मात्र गेला. तिजोरी रिकामी, खर्च चालूच. म्हणून सामू ७ च्या खाली, कधी ६ च्या जवळपास उतरतो.

हे पाणी पिण्याला घातक आहे का? आम्लतेपुरते बोलायचे तर घाबरण्याचे कारण नाही. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो आणि आपल्या पोटातले आम्ल तर त्याहूनही तीव्र असू शकते. आरओच्या पाण्यातल्या आम्लाची एकूण मात्रा फारच थोडी, कारण त्यामागे शिल्लक काहीच नाही. खरा प्रश्न भांड्यांचा आणि नळांचा आहे. मऊ व किंचित आम्लधर्मी पाणी धातू हळूहळू विरघळवते. म्हणून असे पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवू नये; स्टीलचे किंवा मातीचे भांडे चांगले.

याच्या उलट टोकाला 'अल्कलाइन पाणी' विकणारी यंत्रे आहेत. रक्त अल्कधर्मी होऊन आजार बरे होतात अशा जाहिराती पालकांनी दाखवल्या. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि रक्तातला आपला तोच बायकार्बोनेट मिळून सांभाळतात. पेलाभर पाण्याने तो बदलत नाही. तेवढ्यासाठी पैसे घालवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टीडीएसची पेन काय सांगते, काय सांगत नाही

यंत्र विकायला आलेला माणूस पाण्यात पेनसारखे उपकरण बुडवतो आणि आकडा दाखवतो. ती पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजते आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगते. ते क्षार कोणते, पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी, त्यात नायट्रेट किंवा फ्लोराइड आहे का, जंतू आहेत का, यांतले काहीही ती सांगत नाही. ५०० मिलिग्रॅम मीठ आणि ५०० मिलिग्रॅम तुरटी यांत तिला फारसे कळत नाही. आपल्या वाट्यांना मात्र लगेच कळले.

भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५०० : २०१२) सामू ६.५ ते ८.५ असावा असे दिले आहे. एकूण विरघळलेले घन पदार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतात. काठिण्यासाठी हे आकडे २०० आणि ६०० आहेत. आपले पाणी या मर्यादेत असेल तर आरओची गरज नसते. गाळणी आणि निर्जंतुकीकरण पुरते. बहुतेक घरगुती यंत्रांत जेवढे पाणी मिळते त्याहून अधिक वाया जाते, हेही हिशोबात धरले पाहिजे.

आम्ही विश्वस्त मंडळाला तीन गोष्टी लेखी कळवल्या : आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत बोअर आणि नगरपालिकेचे पाणी दोन्ही तपासावे, गरज निघालीच तर यंत्र असे घ्यावे की पाण्यात थोडे क्षार शिल्लक राहतील, आणि वाया जाणारे पाणी फरशी व स्वच्छतागृहासाठी वापरण्याची सोय आधी करावी. मंडळाने पहिली गोष्ट तत्काळ मान्य केली आहे. अहवाल आला की तो पुढील अंकात जसाच्या तसा छापू.

समुद्राचा इशारा

जाता जाता मोठे उदाहरण. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तरी त्याचा सामू ८.१ च्या आसपास असतो. कारण तेच : मीठ तटस्थ, आणि सामू सांभाळणारे मुख्यतः बायकार्बोनेट व कार्बोनेट. पण औद्योगिक युगापूर्वी हा आकडा ८.२ च्या जवळ होता. धुराड्यांतून आणि वाहनांतून निघालेला कार्बन डायऑक्साइड समुद्र पितो आहे. ०.१ चा फरक ऐकायला किरकोळ. पण आपली मोजपट्टी आठवा, तो हायड्रोजन आयनांत पाव हिश्शाहून अधिक वाढ दाखवतो. त्यात कार्बोनेट खर्ची पडते, आणि शंख, शिंपले व प्रवाळ यांना कवच बांधायला ते कमी पडू लागते. समुद्राची शिल्लक मोठी आहे, पण अमर्याद नाही.

घरी करून पाहा

जांभळा कोबी मिळाला नाही तर जास्वंदीची लाल फुले गरम पाण्यात भिजवा. आम्लात तो रंग लालच राहतो, अल्कधर्मी पाण्यात हिरवट होतो. घरचे नळाचे, पावसाचे, माठातले, यंत्राचे पाणी आणि मीठ, सोडा, तुरटी यांची द्रावणे पांढऱ्या वाट्यांत घेऊन रंग वहीत लिहा. चव घेऊन पाहू नका. धुण्याच्या सोड्याचे पाणी डोळ्यांपासून दूर ठेवा. नवसागर आणि चुना कधीही एकत्र करू नका, अमोनिया वायू सुटतो. प्रयोग करताना मोठे माणूस जवळ असू द्या.

आणि एक सांगणे. वहीतले निरीक्षण पुस्तकाशी किंवा आमच्याशी जुळले नाही, तर खोडू नका. वही घेऊन आमच्याकडे या. यंदा एका मुलीच्या उत्तराने आम्हांला आमचाच प्रश्न नीट वाचायला लावला.